परिच्छेद नऊची दुरुस्ती

तुझ्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "वेळ काय?" दुसरा विचारला, "डॉक्टरांनी तसं सांगितलंय, की तुमचा अंदाज आहे?" फोनवर तुझ्या टीममधली एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, डॉक्टरांनीच सांगितलं. एक वीसला." मी समोरच्या कागदावर १.२० लिहिलं, खाली रेघ मारली आणि मृताचं पूर्ण नाव विचारलं. ती म्हणाली, "सर, तुमच्या मिसेस."

नाव मी लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अक्षर नेहमीसारखंच आहे, म्हणजे वाईट. सोळा वर्षं वर्तमानपत्रात अशा फोनवर मी हेच तीन प्रश्न विचारत आलो. चौथा प्रश्न काय विचारायचा ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय, मोठं काही?" मी म्हणालो, "एक कॉलम." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

तू डबा उघडत होतीस असं नंतर कळलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डब्यात भेंडी होती. सकाळी मीच चिरली होती.

याला आज एकोणीस दिवस झाले. तू कुठे शिकलीस, कोणत्या हुद्द्यावर होतीस, मागे कोण कोण आहे, हे मी दुसऱ्यांविषयी रोज लिहितो. तुझ्याविषयी लिहिणार नाही. नावही देणार नाही. कुटुंब न्यायालयातल्या पक्षकारांची नावं मी आजवर कधी छापली नाहीत आणि तू मरेपर्यंत पक्षकार होतीस. मला फक्त एका वाक्याविषयी लिहायचं आहे. ते मी तुझ्याविरुद्ध कोर्टात लिहून दिलं. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. ते दुरुस्त करायचं राहिलं आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

आपला घटस्फोटाचा अर्ज सव्वा वर्ष चालू होता आणि ते सव्वा वर्ष आपण सदाशिव पेठेतल्या त्याच तीन खोल्यांत राहत होतो. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी आपल्याला वेगवेगळे पत्ते विचारले आणि दोन्ही कागदांवर एकच पत्ता बघून चष्मा काढला. "म्हणजे एकाच घरात?" मी म्हणालो, "मुलीची, चिमीची, शाळा जवळ आहे." तू म्हणालीस, "आणि पाणी दोन्ही वेळेला येतं." बाई हसल्या. त्यांना वाटलं असेल, हे दोघं परत जातील. आपल्यालाही त्या दिवशी जिना उतरताना तसं वाटलं होतं, निदान मला. कोपऱ्यावर तू म्हणालीस, "चहा घ्यायचा का, जाबदार?" चहा झाला. मग तुझा क्लायंटचा फोन आला आणि तू फूटपाथवर उभी राहून चाळीस मिनिटं बोललीस. मी तिथून ऑफिसला गेलो.

तेव्हापासून घरात कोर्टाच्या कागदावरची तीच नावं पडली. तू अर्जदार, मी जाबदार. "अहो जाबदार, गॅस बंद करा." "अर्जदार, दूध आणलं का?" चिमीला ती लाडाची नावं वाटायची. शाळेत बाईंनी घरी कोण कोण असतं असं विचारल्यावर तिनं सांगितलं, "मी, अर्जदार आणि जाबदार." वर्गशिक्षिकेनं आपल्या दोघांना बोलावून घेतलं. त्या दिवशी आपण दोघं एकाच बाजूला बसलो होतो.

आपल्या कुणाकडेच वकील नव्हता. त्या कोर्टात पक्षकार स्वतः उभा राहू शकतो, आणि आपण दोघंही स्वतःला पुरेसे शहाणे समजत होतो. तू अर्ज दिलास की कोर्ट मला म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तारीख द्यायचं. म्हणणं दिलं की त्याची एक प्रत तुला. इतर लोकांच्या प्रती टपालानं जातात, नाहीतर कोर्टाच्या आवारात हातात देतात. आपल्या प्रती स्वयंपाकघराच्या टेबलावर दिल्या घेतल्या जायच्या. "प्रत मिळाली" असं लिहून खाली सही. एकदा तुझ्या सहीशेजारी हळदीचा डाग पडला आणि कोर्टातल्या लिपिकानं तो बराच वेळ उजेडात धरून पाहिला. "हे काय आहे?" तू म्हणालीस, "वरण."

एवढं सगळं हसत चाललं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. ते बरोबर नाही. आपण भांडत होतोच. तुला दीड वर्षासाठी अमेरिकेत क्लायंटकडे पाठवत होते आणि तू चिमीला बरोबर नेणार होतीस. लहान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. माझी सही मी देत नव्हतो. "दीड वर्षच आहे," तू म्हणायचीस. मी म्हणायचो, "तुमच्या क्षेत्रात दीड वर्ष गेलेला माणूस परत आलेला मला दाखव." तू दोन नावं सांगितलीस. मी म्हणालो, दोघंही बिनलग्नाचे आहेत. चिडलीस की तुझं अमरावती बाहेर यायचं. "काहून नाही देत सही? काहून?" मी कारणं सांगायचो. कारणं बरोबर असायची. चिमी गेली तर घरात मी एकटा उरेन, हे मात्र कधी सांगितलं नाही. ते कारण म्हणून लिहून देण्यासारखं नव्हतं.

मग तू कोर्टात अर्ज दिलास, की वडिलांच्या सहीशिवाय पासपोर्ट काढायला आणि मुलीला नेण्याला परवानगी मिळावी. अर्ज दीड पानाचा होता. तुझं मराठी साधं, थोडं तुटक. मला त्यात नऊ चुका दिसल्या आणि एकही खोटं दिसलं नाही.

माझं म्हणणं मी हातानं लिहिलं. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे दिलं. त्याला माझं अक्षर लागलं नाही. "मुलीचा ताबा"च्या जागी त्यानं "मुलीचा डबा" केलं, आणखीही काही केलं, आणि कोर्टानं ते परत दिलं. तारीख तीन आठवडे पुढे गेली. तुझ्या व्हिसाची मुदत धावत होती. त्या रविवारी दुपारी तू माझ्यासमोर येऊन हात पुढे केलास.

"दे इकडे. मी टाइप करते."

"काय?"

"तुझं म्हणणं. तुझ्या अक्षरामुळे माझी तारीख जाते. अजून एकदा डबा झाला तर मी ऑनसाइटला पुढच्या जन्मी जाईन."

"ते तुझ्याविरुद्ध आहे."

"माहितीये. मी वाचलंय ते. निदान डब्यापर्यंत."

आपल्या कॉम्प्युटरवर मराठी फाँट तूच आणून घातला होतास. कळफलकाच्या कळांवर बारीक कापलेल्या कागदाची अक्षरं चिकटवली होतीस, मला शिकवायला. मी शिकलो नव्हतो. चिमी खालच्या मजल्यावर नलूकाकूंकडे खेळायला गेली होती. तू खुर्ची ओढलीस, मी मागे उभा राहिलो आणि बातमी फोनवरून देतात तसं सांगायला लागलो. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. ही माझी सवय. टाइप करणाऱ्याकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं.

परिच्छेद चारमध्ये मी लिहिलं होतं की अर्जदार या नऊ महिने रात्री उशिरापर्यंत कामावर होत्या. तुझे हात थांबले.

"अकरा."

"काय अकरा?"

"अकरा महिने होते. नऊ नाही. मार्चपासून मोज."

मी मोजले. अकरा होते. म्हणालो, "माझ्या बाजूनं वाढतंय."

"वाढू दे. शपथेवर आहे ना? मग चुकीचं कशाला?" आणि तू अकरा टाइप केलंस.

यानंतर पाच परिच्छेदांनी मी जे केलं ते हे लक्षात ठेवून वाचावं.

परिच्छेद नऊ मी असा सांगितला: "सप्टेंबर महिन्यात अर्जदार परगावी असताना मुलीस तीव्र ताप आला असता, मुलीने शेजारी राहणाऱ्या बाईंना आई अशी हाक मारली. यावरून मुलीच्या मनातील आईचे स्थान..." इथपर्यंत आलो आणि कळांचा आवाज बंद झाल्याचं लक्षात आलं.

"हे कधी?"

"तू बंगळूरला ट्रेनिंगला होतीस तेव्हा."

"ताप किती होता?"

"एकशे तीन."

"मला फोनवर शंभर सांगितला होतास."

"घाबरली असतीस."

तू मागे वळून पाहिलं नाहीस. मला तुझी मान दिसत होती आणि स्क्रीन दिसत होता, त्यावर कर्सर उघडमीट करत होता. "कुणाला म्हणाली? नलूकाकूंना?"

"हो. पट्ट्या ठेवत होत्या त्या."

"आई म्हणाली."

"हो."

"पुढे सांग."

मी पुढे सांगितलं. तू टाइप केलंस. तुझ्याविषयीची ही गोष्ट तुला पहिल्यांदा अशी कळली, माझ्या तोंडून, विरामचिन्हांसकट, तुझ्याच हातांनी उतरत. तू एक अक्षर बदललं नाहीस. सही करायची जागा सोडलीस, खाली माझं नाव घातलंस, फाइल सेव्ह केलीस. मग उठलीस, पाण्याचा पेला घेतलास, आणि दारात उभी राहून विचारलंस, "त्या दिवशी तेवढंच झालं? की अजून काही?"

मी म्हणालो, "तेवढंच."

आता काय झालं होतं ते सांगतो. ताप दुपारी चढला. नलूकाकू वर आल्या, पट्ट्या ठेवायला लागल्या, आणि चिमी त्यांना आई म्हणाली. हे खरं. अर्ध्या तासानं तिनं माझं बोट धरलं आणि म्हणाली, "आई, पाणी." मी पाणी दिलं. सहा वाजता गल्लीतले डॉक्टर आले. साठीचे गृहस्थ, पांढऱ्या भरघोस मिशा. इंजेक्शन पाहून ती त्यांचा हात धरून म्हणाली, "आई, नको ना." डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, मला पण आई म्हणतेय. हिला आज दुसरं कोणी दिसतच नाहीये." मग माझ्याकडे बघून विचारलं, "आई कुठे आहे हिची?"

ती तुलाच हाक मारत होती. जो समोर येईल त्याला तुझ्या नावानं. तीन जण त्याचे साक्षीदार होते. मी एक छापला.

हे मी कसं केलं ते मला नीट माहीत आहे. कारण पोटापाण्यासाठी मी तेच करतो. जागा थोडी असते, घटना मोठी असते, त्यातलं जे उपयोगी ते घ्यायचं. नव्या वार्ताहरांना मी शिकवतो की प्रत्येक वाक्याला पुरावा हवा. परिच्छेद नऊला पुरावा होता. नलूकाकूंना कोर्टात बोलावलं असतं तर त्यांनी शपथेवर हो म्हटलं असतं. खोटेपणा त्या वाक्यात सापडला नसता.

तू एकदा म्हणाली होतीस, "तुझ्या बातमीत सगळे फक्त 'म्हणाले' असतात. तुमच्या कोर्टात कुणी रडत नाही का?" मी म्हणालो, "रडतात. नोंदवत नाहीत." तू म्हणालीस, "मग निम्मीच बातमी झाली की." तो वाद तिथेच राहिला. तू भाजी परतायला गेलीस. मी मनात म्हटलं, हिला वर्तमानपत्र कळत नाही.

सोमवारी तू फ्लॉपी घेऊन गल्लीतल्या दुकानातून प्रती काढून आणल्यास. सवयीनं दोन जास्त. मी सह्या केल्या, तू टेबलाशी बसून "प्रत मिळाली" लिहिलंस आणि कोर्टात म्हणणं दाखल झालं. सुनावणीला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत तू भांडली नाहीस. काहून म्हणाली नाहीस. मला त्याचं नवल वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, हेही लिहितो. रोज चारला तू ऑफिसातून घरी फोन करायला लागलीस आणि चिमी तुला डब्यापासून गृहपाठापर्यंत सगळं सांगायची. एकदा चहा गाळता गाळता तू म्हणालीस, "ती फाइल अजून कॉम्प्युटरवर आहे. कुठे काही भर घालायची असेल तर सांग. पाच मिनिटांचं काम." मी म्हणालो, "दाखल झालंय ते." तू म्हणालीस, "पुरवणी देता येते. मी वाचलंय." मी पेपर वाचत होतो. मला वाटलं तुला अकराचे परत नऊ करून हवेत.

आणि तारखेच्या आठवडाभर आधी, शुक्रवारी सकाळी, हिंजवडीच्या बसला निघताना तू दारात सँडलचा पट्टा लावत म्हणालीस, "अर्ज मागे घ्यावा म्हणते."

"कोणता?"

"चिमीचा. ती आईच शोधत नसेल तर मी तिला कुठे ओढत नेऊ? राहू दे तुझ्याकडे. मी एकटी जाते."

हे बोलून तू लगेच निघाली नाहीस. पट्टा लागला होता तरी वाकून राहिलीस. तुझी बस सात दहाला यायची आणि सात पाच होऊन गेले होते. माझ्याकडे पुरेसा वेळ होता. वाक्य माझ्याकडे तयार होतं, सहा शब्दांचं. मी विचार केला की तारीख होऊ दे. अर्ज एकदा मागे घेतला गेला की सगळं सांगू, मग तिला तेवढं दुखणारही नाही. हा विचार मी शांतपणे केला. मग म्हणालो, "बघ. तुझा निर्णय."

तू वर पाहिलंस. "बरं," म्हणालीस, आणि गेलीस.

तो शुक्रवार होता. सोमवारी एक वीस.

हॉस्पिटलात फॉर्मवर नातं विचारलं होतं. मी पती लिहिलं. सव्वा वर्षात तो शब्द मी लिहिला नव्हता. तुझे वडील अमरावतीहून दुसऱ्या दिवशी पहाटे पोचले. जावई म्हणून माझा हात धरून उभे राहिले. आपल्या केसविषयी तू त्यांना सांगितलंच नव्हतंस हे मला तिथे कळलं. मीही सांगितलं नाही.

चार दिवसांनी, शुक्रवारी, तारीख होती. मी गेलो. हातात मृत्यूचा दाखला होता आणि दोन कागद, एक तू वारल्याचं कळवणारा आणि दुसरा परिच्छेद नऊविषयी. दोन्ही मी कॉम्प्युटरवर टाइप केले होते, कळांवरची अक्षरं शोधत. दीड पानाला पाच तास लागले.

शिपायानं दारात येऊन पुकारा केला. आधी तुझं नाव, मग माझं. नियमाप्रमाणे तीन वेळा. तिन्ही वेळा मी उभा होतो आणि तिन्ही वेळा त्यानं माझ्यावरून नजर फिरवून व्हरांड्याच्या टोकापर्यंत तुला शोधलं. बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "येईल हो, पार्किंगला जागा नसते."

आत लिपिकानं दाखला पाहिला. हळदीच्या डागाचा तोच. त्यानं पेन खाली ठेवलं. "त्या वरण म्हणाल्या होत्या त्याच ना?" मी हो म्हणालो. त्यानं पहिला कागद घेतला आणि दुसरा वाचून परत माझ्यापुढे सरकवला. "साहेब, अर्जदारच गेल्या. प्रकरण इथे संपलं. आता म्हणण्यात दुरुस्ती करून काय उपयोग?"

"तरी द्यायची आहे."

न्यायाधीश बाईंनी तो कागद मागून घेतला. त्यात तीनच गोष्टी होत्या. एक, त्या दिवशी मुलीने मला व डॉक्टरांनाही आई अशीच हाक मारली होती. दोन, ही बाब मी जाणूनबुजून वगळली. तीन, सदर बाब अर्जदार यांना अखेरपर्यंत ज्ञात नव्हती, सबब त्यांच्या पश्चात ती अभिलेखावर यावी.

बाईंनी दोनदा वाचलं. "हे कोणासाठी?"

मी म्हणालो, "मुलगी सात वर्षांची आहे. मोठी झाल्यावर तिनं नक्कल मागितली तर तिला देतील. पहिलं म्हणणं तिच्या हातात पडेल."

"ते मला काढून टाकता येणार नाही."

"माहीत आहे. हे शेजारी लावावं."

त्यांनी लावून घेतलं. आदेश चार ओळींचा झाला. अर्जदार मयत, प्रकरण संपुष्टात, दोन्ही कागद नोंदीवर. बाहेर येईपर्यंत आतून पुढच्या जोडप्याचा पुकारा झाला होता. मला वाटलं, जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं.

चिमी शाळेतून परस्पर नलूकाकूंकडे गेली होती. मी दार वाजवलं. ती आत जेवत होती. काकू हात पुसत बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यातच हळू आवाजात विचारलं, "काय झालं हो कोर्टात?" मी त्यांना सांगितलं. आधी मी काय लिहिलं होतं ते, मग आज काय दिलं ते. त्यांचा उल्लेख त्यात होता, त्यांना सांगायलाच हवं होतं. तुला ते कळायचं राहून गेलं, असंही म्हणालो.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, तिला माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?" बघ, पहिला प्रश्न परत वेळेचाच.

"तो कागद तुम्ही दिलात ना, त्याच सोमवारी. संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, काकू, चिमी तुम्हाला आई म्हणाली म्हणे. मला मेलीला काय ठाऊक कागदात घातलंय! मी म्हटलं, अगं, मला काय, ती त्या दिवशी सगळ्यांनाच आई म्हणत होती. नवऱ्याला विचार तुझ्या, त्यांनाही म्हणाली. डॉक्टरांनासुद्धा. तर रडायला लागली. मग डॉक्टरांच्या मिशा आठवून हसली. मग परत रडली. पाणी दिलं मी."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. तर म्हणाली, नको काकू. त्याला काही विचारू नका. तारखेला अजून तीन आठवडे आहेत. तो सांगेल."

आतून चिमीनं विचारलं, "कोण आलंय?" काकू म्हणाल्या, "बाबा."

त्यानंतरच्या दिवसांत मी हे अनेक बाजूंनी तपासलं, जसं एखादं विधान तपासतो. एका बाजूनं मला हायसं वाटतं. आपलं मूल तापात आपल्यालाच शोधत होतं, हे तुला कळलं होतं. शेवटचे तीन आठवडे ते तुझ्याजवळ होतं. चारच्या फोनवर तू इतकी मोकळी का हसायचीस ते मला आता कळतं. ते तुला मिळालं, माझ्यामुळे नाही, पण मिळालं. नलूकाकूंचे मी पाय धरले तर त्या ओशाळतील, म्हणून धरत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं तो शुक्रवार आहे. सँडलचा पट्टा लागला होता आणि तू वाकून राहिली होतीस. तुला अर्ज मागे घ्यायचा होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. विचारायला दुसरा साक्षीदार नाही.

सोमवारी मी परत कोर्टात गेलो. लिपिकाला म्हणालो, माझ्या कागदातली तिसरी बाब चुकीची निघाली, ती दुरुस्त करायची आहे. तो चिडला नाही. खुर्ची दिली. म्हणाला, "फाइल अभिलेख कक्षात गेली, साहेब. निकाली प्रकरणात आता कुणाचंच काही घेता येत नाही. तुमचंही नाही." मग म्हणाला, "तुमचं वर्तमानपत्र आहे ना? तिथे द्या."

म्हणून इथे देतो आहे. कुटुंब न्यायालयात मी शपथेवर लिहून दिलं आहे की सदर बाब अर्जदार यांना अखेरपर्यंत ज्ञात नव्हती. हे विधान बरोबर नाही. तुला ते माहीत होतं. तू तीन आठवडे वाट पाहिलीस. मी सांगितलं नाही.